रावेर काटा

नवऱ्याच्या भानगडीची बातमी बायकोला सगळ्यात शेवटी कळते, असं आमच्याकडे म्हणतात. मला ते कधी पटलेलं नाही. बायकोला कळतं, शेजारणीला कळतं, किराणा दुकानदारालाही कळतं. जो तो आपल्याला कळलंय हे लपवतो, एवढंच. आणि या सगळ्यांच्या आधी घरातल्या पोरांना कळतं. भानगड म्हणजे काय, हे समजायचं त्यांचं वय नसतं. पण घरात कोणीतरी कोणावर नजर ठेवून आहे, हे त्यांना फार लवकर उमगतं. कारण बहुतेक घरांत ती नजर पोरांच्याच डोळ्यांनी ठेवली जाते.

माझं लहानपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. बाबा मालगाडीचे गार्ड. २०२२ साली रेल्वेने या पदाचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, पण भुसावळात अजून गार्डच म्हणतात आणि म्हणतील. मालगाडीच्या गार्डाच्या घरात घड्याळाला काही किंमत नसते. कॉलबॉय सायकलवरून वही घेऊन यायचा, बाबा सही करायचे, आई डबा भरायला उठायची. मग रात्रीचे दोन वाजलेले असोत की भर दुपार. गाडी इगतपुरीकडे जाणार, खंडव्याकडे की बडनेऱ्याकडे, ते त्या कॉलवर कळायचं. परत कधी येणार, ते गाड्या सोडणाऱ्या-अडवणाऱ्या खुद्द कंट्रोल ऑफिसलाही सांगता यायचं नाही. मेल-एक्स्प्रेस पुढे काढायच्या म्हणून मालगाडी एखाद्या आडस्टेशनवर लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, तासन् तास उभी राहते. पलीकडे पोचल्यावर रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या स्टाफच्या विश्रामगृहात, आठ तासांची विश्रांती, आणि मग परतीची मिळेल ती गाडी. घरी फोन नव्हता. बाबा एकदा उंबऱ्याबाहेर पडले की ते आत्ता कुठे आहेत हे कळायची आईकडे काहीच सोय नव्हती. संशय धरायला तेवढं पुष्कळ झालं.

आईचा संशय सुरू झाला तो जेवणाच्या डब्यावरून. रनिंग रूममध्ये खानसामा असतो. स्टाफने आपला शिधा द्यायचा, तो रांधून देतो. घरचा डबा असायचा वाटेतल्या जेवणासाठी. तो परत यायचा तेव्हा त्याला शिळ्या भाजीचा वास मारायचा आणि आई नाक मुरडत तो घासायला घ्यायची. एके दिवशी डबा घासून आला. लख्ख. पुढच्या खेपेलाही तसाच. आणि मग एकदा वरच्या पुडात लिंबाचं गोड लोणचं निघालं. आमच्या घरी लोणचं कैरीचं, तेही डोळ्यांतून पाणी काढणारं. खानसाम्याने दिलं, असं बाबा म्हणाले. खानसाम्याच्या हाताला एवढी माया कुठून आली, असं आई म्हणाली. त्यानंतर आमच्या घरात लिंबाचं लोणचं कधीच झालं नाही.

आई अमळनेर तालुक्यातली. चार लोकांत ती पुस्तकी मराठी बोलायची, राग आला की अहिराणीवर यायची. "इचार तुना बापले, रातले कथा व्हता." रात्री कुठे होता ते बापाला विचार, असं ती मला म्हणायची, बाबा तिथेच खाटेवर बसलेले असताना. मी तिसरीत होते. मी विचारायचे. बाबा मला उत्तर द्यायचे, "गाडी पाचोऱ्याला दाबून ठेवली होती, सांग तिला." मी सांगायचे. खोली केवढी, तर दहा बाय बाराची. दोघांनाही सगळं ऐकू जात होतं, तरी वाक्य माझ्या तोंडून गेल्याशिवाय पलीकडे पोचल्याचं धरलं जात नव्हतं.

मग पिशवी तपासायचं काम आलं. बाबा आंघोळीला गेले की आई माझ्याकडे बघायची. ती स्वतः कधी त्या खाकी पिशवीला हात लावत नसे. नवऱ्याच्या पिशवीत हात घालणं तिला हलकं वाटायचं. पोरीने घातला तर ते खेळणं शोधणं. त्या पिशवीत झेंडे असायचे, शिट्टी, डायरी, तंबाखूची डबी. आणि एकदा मला मनीऑर्डरची पोच सापडली. शिक्का खंडव्याचा, सही बाईची, वेड्यावाकड्या हिंदी अक्षरांत. रक्कम फार नव्हती. मला वाचता येत होतं, हिशेबही येत होता. ती पोच मी घडी घालून परत ठेवली आणि आईला म्हटलं, काही नाही.

रात्री जेवताना बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बहुतेक माझी घडी त्यांच्या घडीसारखी बसली नव्हती. ते काही बोलले नाहीत. त्यांनी त्यांच्या ताटातला पापड माझ्या ताटात ठेवला, आणि आईने तो पापड पाहिला.

बाबा गेल्यावर कितीतरी वर्षांनी त्यांच्या एका जोडीदाराने आपणहून विषय काढला. खंडव्याच्या यार्डात एक पोर्टर गाडीखाली गेला होता, त्याच्या बायकोला आम्ही काही गार्ड मिळून पैसे पाठवायचो, पाळीपाळीने, असं ते म्हणाले. रेल्वेत अशी माणसं असतात, मी पाहिली आहेत. काका खरं बोलत असतील. काका बाबांचे जिवलग मित्रही होते. लिंबाच्या लोणच्याबद्दल मी त्यांना विचारलं नाही. आईला मी पोचेबद्दलही सांगितलं नाही आणि काकांच्या खुलाशाबद्दलही. ती आता सत्तरी ओलांडून गेली आहे. बाबांच्या फोटोला रोज हार घालते. त्या हारामागे काय हिशेब आहे, तो तिचा तिने केलेला आहे.

खानदेशातल्या उन्हाळ्याचा या सगळ्यात मोठा हात असतो, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो. माणसं गच्चीवर झोपतात, गच्च्या एकमेकींना लागून असतात आणि तिथे कुजबुजलं तरी पाच घरांना ऐकू जातं. म्हणून भांडायचं तर खाली, खोलीत, दारं लावून, कूलर चालू करून. कूलरच्या घरघरीत हवं तेवढं बोलून घेता येतं. आमच्या गल्लीत रात्री अकराला एखाद्या घरातला कूलर सुरू झाला आणि माणसं वर आली नाहीत की सगळे समजून जायचे. पंचाईत व्हायची ती वीज गेल्यावर. लोडशेडिंगच्या काळात तर हमखास. कूलर धापकन बंद पडायचा आणि एखादं वाक्य अर्ध्यातून संबंध गल्लीला ऐकू यायचं. पुढचं कोणी बोलायचं नाही. सगळ्या गच्च्या झोपल्याचं सोंग करायच्या. आईचं असं एक वाक्य गल्लीला ऐकू गेलं होतं. ते इथे लिहिणार नाही.

हे सगळं मागे पडलं असं मला वाटत होतं, पण छोटीचा फोन आला. छोटी म्हणजे माझी मावसबहीण, माझ्याहून बरीच लहान. जळगावात राहते. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. नवरा केळीच्या एका व्यापाऱ्याकडे गाड्या भरून द्यायचं काम पाहतो. सावदा-रावेर पट्ट्यात रोज बागा कापल्या जातात, घड बांधावर येतात, ट्रक भरतात, काट्यावर वजन होतं आणि गाडी उत्तरेकडे निघते. केळी हा थांबणारा माल नाही. भरलेली गाडी उभी राहिली की नुकसान सुरू. त्यामुळे या धंद्यातल्या माणसाला रात्री अकरा-बाराला फोन येणं हे गार्डाला मध्यरात्री कॉल येण्याइतकंच साधं आहे. आमच्या खानदानातल्या बायकांना वेळेचा ठिकाणा नसलेलीच माणसं का मिळतात, कोण जाणे.

छोटीच्या नवऱ्याच्या फोनमध्ये एक नंबर 'रावेर काटा' नावाने होता. तो रात्री उशिरा वाजायचा. वजनकाट्याचा फोन रात्री वाजणारच. पण तो रविवारीही वाजायचा, मोसम नसतानाही वाजायचा आणि जावई तो घ्यायला जिन्यात जायचे. छोटीने नंबर उतरवून घेतला, तर ट्रूकॉलरवर बाईचं नाव आलं. आता खरं सांगायचं तर आमच्याकडे यावरून काहीच ठरत नाही. नवऱ्याचं सिम बायकोच्या नावावर, बायकोचं दिराच्या नावावर, असा सगळा कारभार असतो. काट्यावरच्या माणसाने बायकोचं सिम वापरलं असेल. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "ताई, थांब, अजून आहे."

अजून होतं ते फास्टॅगचं. गाडी छोटीच्या नावावर, त्यामुळे टोलचे मेसेज छोटीच्या फोनवर येतात आणि जावयांच्या हे ध्यानीमनी नाही. भुसावळहून जळगावला येताना नशिराबादचा टोल लागतो. एका रात्री तो नऊ वाजून दहा मिनिटांनी कापला गेला. तिथून घरी यायला फार तर अर्धा तास. जावई आले बारा वाजता, "आत्ता सावद्याहून निघालो" म्हणत. छोटीने तारखांची वही केली आहे. एका रकान्यात टोलची वेळ, एका रकान्यात घरी आल्याची वेळ, तिसऱ्यात काय सांगितलं ते. शिवाय लास्ट सीन, शिवाय कोणत्या दुकानात ऑनलाइन किती पैसे गेले ते. मला ती वही बघताना कंट्रोल ऑफिसचा तक्ता आठवला.

माझ्या आईकडे काही माहितीच नव्हती, म्हणून तिला झोप नव्हती. छोटीकडे माहितीचा ढीग आहे आणि तिलाही झोप नाही. नशिराबाद ते जळगाव या दहा-बारा किलोमीटरच्या पट्ट्यात माणूस तीन तास कुठे होता, हे फास्टॅग सांगत नाही. ढाब्यावर व्यापाऱ्यासोबत हिशेबाला बसला असेल. खोटं का बोलला मग? त्या ढाब्यावर काय पितात ते बायकोला कळू नये म्हणूनही बोलला असेल. मला तरी असं वाटतं की पुराव्याने संशय मिटत नाही. एक रकाना भरला की दुसरा आखला जातो.

पण फोन तिने मला या वहीसाठी केला नव्हता. तिची मुलगी नीट जेवत नव्हती, शाळेत दोनदा चड्डीत शू झाली होती आणि शिक्षिकेने बोलावून घेतलं होतं. दुसरीतल्या मुलीला. मी जळगावला गेले. भाची माझ्या अंगावर पाय टाकून झोपली, आणि झोपता झोपता तिने मला विचारलं, "मावशी, काटा म्हणजे बाई असते का?"

हळूहळू उलगडलं. पप्पांच्या फोनचं पॅटर्न लॉक तिला येतं, कारण ती त्यावर गेम खेळते. पप्पा आंघोळीला गेले की मम्मी तिला फोन उघडायला लावते. एकदा शेजारच्या काकूंच्या फोनवरून तो नंबर मम्मीने लावला, पोरीच्या कानाला दिला आणि विचारायला सांगितलं, "हॅलो, काटा आहे का?" पलीकडून बाई बोलली. पोरगी घाबरून नुसतीच उभी राहिली. आणि पप्पा? पप्पांना पोरगी फोन उघडते हे माहीत आहे. ते तिला डेअरी मिल्क आणून देतात आणि सांगतात, मम्मीने काय काय पाहिलं ते मला सांग. म्हणजे पोरगी दोन्ही खात्यांत नोकरीला. आमच्या काळी निदान बाबा फक्त पापड देत होते, बातमी मागत नव्हते.

मी छोटीला घेऊन जळगावातल्या एका वकीलबाईंकडे गेले. खरं तर तिला धीर यावा म्हणून. छोटीचा पहिला प्रश्न होता, दोघांना आत टाकता येईल का. वकीलबाईंनी उलट विचारलं, "तुम्हाला घटस्फोट हवाय, की खरं काय ते कळायला हवंय? दुसऱ्या कामासाठी कोर्टात येऊ नका. कोर्टात ते कळत नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. भारतीय दंड संहितेतलं व्यभिचाराचं ते ४९७ कलम सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते परत आलेलं नाही. पण गंमत अशी, की ते कलम असतं तरी छोटीला त्याचा उपयोग नव्हता. १८६० च्या त्या कलमात तक्रार करायचा हक्क होता तो 'त्या' बाईच्या नवऱ्याला, आणि शिक्षा होती ती 'त्या' पुरुषाला. घरी बसलेल्या बायकोला त्यात जागाच नव्हती. दीडशेहून जास्त वर्षं बायका नवऱ्याला ज्या कलमाची धमकी देत होत्या, ते त्यांच्यासाठी लिहिलेलंच नव्हतं. छोटी हे ऐकून हसली. महिन्यात पहिल्यांदा हसली असेल.

घटस्फोटाचं कारण म्हणून व्यभिचार आहेच, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात. १९७६ च्या दुरुस्तीपासून एकदा घडलेलाही पुरतो. प्रत्यक्ष पुरावा अशा गोष्टींत कोणाकडे नसतो, परिस्थितीवरून अंदाज बांधतात. नवराबायकोतलं चोरून केलेलं रेकॉर्डिंगसुद्धा अशा खटल्यात चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं. त्याच निकालात असंही म्हटलंय की नवराबायको एकमेकांवर पाळत ठेवायला लागले असतील तर ते नातं मोडल्याचंच लक्षण आहे. छोटीने वही पर्समध्ये परत ठेवली. मुलांचं काय, तर पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, असं १९५६ चा पालकत्वाचा कायदा म्हणतो. मुलगी सात वर्षांची आहे, तिला न्यायाधीश कदाचित चेंबरमध्ये बोलावून चार गोष्टी विचारतील. "काय विचारतील?" छोटीने घाबरून विचारलं. वकीलबाई म्हणाल्या, "घरी तुम्ही जे विचारता ते नक्की नाही विचारणार."

छोटीने अजून एक गोष्ट पदर तोंडाला लावून सांगितली. भांडणात जावई एकदा म्हणून गेले होते, "धाकटा माझाच कशावरून?" त्यांना तसं वाटतं असं मला अजिबात वाटत नाही. पोरगा हुबेहूब त्यांचा, कानाच्या पाळीपासून. घाव घालायला हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून पोरगा उचलला. वकीलबाईंना हे नवीन नव्हतं. लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यावर आईने पुन्हा लग्न केलेलं नसताना २८० दिवसांच्या आत जन्मलेलं मूल नवऱ्याचंच धरायचं, हा १८७२ च्या पुरावा कायद्यातला नियम नव्या कायद्यातही आला आहे. त्या काळात नवराबायकोचा संबंधच येऊ शकत नव्हता असं सिद्ध झालं तरच तो मोडतो. आणि बायकोची भानगड सिद्ध करायला पोराची डीएनए चाचणी ऊठसूट मागता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. आईबापाच्या भांडणात मुलाला मध्यभागी आणून उभं करू नये, अशा अर्थाचं. कायद्यावर माझा फारसा विश्वास नाही. पण या बाबतीत दिल्लीतल्या न्यायमूर्तींना जे कळलं ते आमच्या भाऊबंदकीला कळायला अजून वेळ आहे.

भाऊबंदकी जमली ती कानबाईला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाला. नागपंचमीनंतरच्या रविवारी पारोळा तालुक्यात छोटीच्या सासरी कानबाई बसते. सुरत, पुणे, नाशिक, जिथे कुठे माणसं पोटाला लागली असतील तिथून गावी येतात. घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजून रोटाचे, म्हणजे प्रसादाचे, गहू घेतात. तो रोट घरच्याच माणसांनी संपवायचा असतो, बाहेरच्याला द्यायचा नसतो. घरातली गोष्ट घरात ठेवायची याचं आमच्याकडे असं वर्षाला रीतसर शिक्षण मिळतं. छोटी आणि जावई पूजेला जोडीने बसले. सोमवारी कानबाई नदीवर गेली आणि दुपारी ओट्यावर बैठक भरली. चुलत सासरे, थोरले दीर, माझे मावसे, एक पोलिस पाटील. बायका आत, दाराआड. पोरांना गच्चीवर मोबाइल देऊन पाठवलं.

"माणूस शे, चुकी जास," असं एका म्हाताऱ्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं. म्हणजे चूक झाली असं धरूनच चालले, आणि माफही करून टाकली, चौकशीच्या आधी. छोटीला दर दोन मिनिटांनी एकच सांगणं होतं, पोरांकडे पाहून घे. जावयांनाही तेच, पोरांकडे पाहून सुधर. सगळे पोरांकडे पाहायला सांगत होते, आणि पोरं गच्चीवर होती. मी दाराआडून बोलले की पोरगी जेवत नाही, तिच्याबद्दल काय ते आधी ठरवा. मावशी म्हणाली, "तू मधे बोलू नको, तू पाहुणी आहेस." दिवाळी होऊ द्या मग बघू, असं ठरून बैठक उठली. आमच्याकडे सगळं असंच ठरतं. कानबाई होऊ दे, दिवाळी होऊ दे, लग्नसराई निघू दे, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया होऊ दे. मी याला नावं ठेवायचे. आता तेवढ्या ठामपणे ठेवत नाही. पुढे ढकलता ढकलता काही संसार खरंच निभावलेले पाहिलेत. काही बायका त्या ढकलण्यातच म्हाताऱ्या झालेल्याही पाहिल्यात, त्यांतली एक माझ्या घरी आहे.

एक मात्र नमूद करायलाच हवं. संशय बाईवर असेल तर बैठक भरत नाही, दिवाळीची वाट पाहिली जात नाही. ओळखीतली एक आरोग्यसेविका आहे. नवऱ्याने तिचा फोन फरशीवर आपटला, तिच्या डोक्यात तांब्या घातला आणि सहा वर्षांच्या पोराला विचारलं, आई गच्चीवर किती वेळा गेली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यासोबत येतो त्या छापील नमुन्यात चारित्र्यावर आरोप करणं हा छळाचा प्रकार म्हणून नोंदवलेला आहे. तिला मी तो दाखवला. ती म्हणाली, "माय, तो कागद मी घरी कुठे ठेवू?"

हिवाळ्यात जावयांशी बोलायची संधी मिळाली. डिसेंबरात आमच्याकडे शेतात भरीत पार्ट्या चालतात. कपाशीच्या काड्या पेटवून त्यावर हिरवी लांब वांगी भाजायची, मिरच्या, लसूण, कांद्याची पात, सोबत कळण्याच्या पुऱ्या. वांगी सोलायच्या निमित्ताने मी त्यांच्याजवळ बसले. त्यांनीच सुरुवात केली, "आक्का, तुम्हाला काय काय सांगितलं तिने?"

मी म्हटलं, "जावई, मला खरं काय ते सांगू नका. मला ते पेलणार नाही, आणि तुम्ही सांगितलं तरी मी विश्वास ठेवणार नाही. ते तुमचं दोघांचं. मला फक्त पोरीचं बोलायचंय."

"तेच तर म्हणतो मी. तिला सांगा ना. पोरीला मधे ती आणते."

"आणि चॉकलेट कोण आणतं?"

ते बराच वेळ वांगं सोलत राहिले. गरम वांग्याने बोटं भाजत होती, तरी सोडेनात. मग म्हणाले, "पोरगी माझ्याशी एरवी बोलतच नाही आता. काय झालं सांग म्हटलं की तेवढी बोलते."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. या माणसाची बाजू घ्यायची माझी तयारी नव्हती, आणि तरी ती क्षणभर घेतली गेली. बाबांनी पापड का दिला असेल, याचा मी आजवर एकच अर्थ लावत आले होते, लाच. दुसराही असू शकतो.

आता परिस्थिती अशी आहे. जावयांनी फोनला बोटाचं लॉक लावलं आणि पोरीला गेमसाठी घरातला जुना टॅब दिला. हे मुलीसाठी केलं की स्वतःच्या सोयीसाठी, यावर छोटीचं आणि माझं एकमत नाही. छोटीने स्वतःच्या नावावर बँकेत खातं उघडलं आहे, आणि एका कापडाच्या दुकानात हिशेबाचं काम धरलं आहे. टोलची वही ती अजून लिहिते, पण पोरीसमोर काढत नाही. मुलांचे जन्मदाखले, तिच्या दागिन्यांची यादी आणि लग्नातले फोटो माझ्या कपाटात आहेत. जावयांना ते ठाऊक नाही. भाची जेवायला लागली आहे. मध्यंतरी मम्मीने सवयीने तिला म्हटलं, पप्पांना विचार रात्री किती वाजता येणार. पोरगी गणितं सोडवत होती. तिने वर न पाहता सांगितलं, "तूच विचार."

छोटीने विचारलं म्हणे. जावई म्हणाले, दहा. आले साडेदहाला. दोघं पुष्कळ दिवसांनी तोंडावर भांडली, दारं उघडी ठेवून. छोटीने मला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती चिडलेली होती, पण रडत नव्हती. वकीलबाईंची पुढची भेट तिने रद्द केलेली नाही. ती एप्रिलवर नेली आहे, कारण मार्चपासून पोरीची परीक्षा आहे आणि पोरीला पाढे अजून बाराच्या पुढे येत नाहीत.